डिस्चार्ज कार्डावर नसलेली ओळ: हार्ट ॲटॅकनंतर मन सावरण्याबद्दल पुण्यातल्या जाणकारांचा अनुभव धागा

डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची नावं असतात, पथ्य असतं, पुढच्या तपासणीची तारीख असते. घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या रात्री अडीच वाजता माणूस उठून बसतो, मनगट धरून ठोके मोजतो आणि शेजारी झोपलेल्या बायकोला उठवू की नको, या विचारात पहाट करतो. त्याबद्दल कार्डावर एक ओळही नसते. हा धागा त्या ओळीसाठी आहे. अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेल्या माणसांबरोबर पुण्यात रोज काम करणाऱ्यांना इथे लिहायला बोलावलं आहे. पेशंटच्या कहाण्या नकोत, "काळजी करू नका" हेही नको. काय करायचं, किती करायचं आणि कुठे चुकतं, तेवढं लिहा, एवढीच विनंती त्यांना केली होती.

फिजिओथेरपिस्ट, कार्डिॲक रिहॅब, कोथरूड

मनाच्या धाग्यात चालण्यापासून सुरुवात करते, कारण धास्ती समजुतीने जात नाही. "तुमचं हृदय आता चांगलं आहे" हे दहा वेळा ऐकून जे होत नाही, ते "काल २१० मीटर चाललो, आज २२५ चाललो, काही झालं नाही" या वहीतल्या नोंदीने होतं. विश्वास मोजून मिळवावा लागतो.

डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली की पहिल्या आठवड्यात सपाट जागी पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. घरातल्या घरात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये. त्रास नसेल तर दर दोन-तीन दिवसांनी प्रत्येक फेरीत एक-दोन मिनिटं वाढवायची. सहाव्या आठवड्यापर्यंत सलग तीस मिनिटं जमावीत, असा अंदाज धरा. हार्टचं पंपिंग कमी असेल तर हे वेळापत्रक सावकाश चालतं, त्यात कमीपणा नाही. जेवणानंतर किमान तासभर थांबा. सुरुवातीची आणि शेवटची पाच मिनिटं हळू चाला. चालता चालता एकदम थांबून बसलात की पायात साठलेलं रक्त लगेच वर येत नाही, चक्कर येते, आणि ती चक्कर म्हणजे दुसरा ॲटॅक वाटून पुढचे चार दिवस माणूस घराबाहेर पडत नाही. शेवटची पाच मिनिटं हळू चाललात तर ही भीती टळते.

किती जोर लावायचा हे नाडीवरून ठरवू नका. मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गोळी चालू असते, त्यामुळे ठोके फारसे वाढत नाहीत, आणि कमाल ठोक्यांचा "२२० वजा वय" हा हिशोब इथे फसतो. त्याऐवजी बोर्ग स्केल वापरतात, म्हणजे किती दमलो ते स्वतःच ६ ते २० मध्ये सांगायचं. ६ म्हणजे आरामात बसल्यासारखं, २० म्हणजे जीव तोडून. आपल्याला ११ ते १३ मध्ये राहायचं आहे. सोपी खूण अशी: चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं मात्र म्हणता येऊ नये. गाता आलं तर थोडा वेग वाढवा. तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर कमी करा.

आता वहीबद्दल. पार्किंगमध्ये मेजरिंग टेपने ३० मीटर मोजा आणि दोन्ही टोकांना खडूने रेघ मारा. सोबत कुणीतरी असू द्या, मोबाइलवर सहा मिनिटं लावा आणि या रेघेपासून त्या रेघेपर्यंत चालत राहा. दम लागला तर थांबायचं, घड्याळ चालूच ठेवायचं. सहा मिनिटांत किती मीटर झाले ते लिहा, शेजारी तारीख. दर पंधरा दिवसांनी पुन्हा. आम्ही सेंटरमध्ये हीच चाचणी करतो. घरी ती करण्याआधी डॉक्टरांना विचारा. छातीत दडपण, चक्कर, थंड घाम किंवा ठोके चुकल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबायचं.

टेकडीबद्दल दर आठवड्याला विचारणा होते. हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, तळजाई यांचा चढ पहिल्या सहा आठवड्यांत नको. सारसबाग, कमला नेहरू पार्क, संभाजी उद्यान सपाट आहेत, बसायला बाक आहेत, रिक्षा पटकन मिळते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे साडेपाचला स्वेटर घालून निघण्याची आपल्याकडे हौस असते. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयावर ताण येतो, त्यामुळे त्या दिवसांत ऊन पडल्यावर आठनंतर निघा. एप्रिल-मेमध्ये उलट, साडेआठच्या आत घरी या.

आयसीयू सिस्टर

माझं लिहिणं घरच्यांसाठी आहे, आणि ते डिस्चार्जच्या आधीचं आहे.

बायपासनंतर दुसऱ्या ते पाचव्या दिवसात, विशेषतः सत्तरीपुढच्या माणसाला, भ्रम होऊ शकतो. "इथे कोंडून ठेवलंय", "भिंतीवर मुंग्या चालतायत", मुलाला न ओळखणं, नळ्या ओढणं. मुलगी बाहेर येऊन रडते की बाबांच्या डोक्यावर परिणाम झाला. याला डेलिरिअम म्हणतात. भूल, वेदनेची औषधं, झोपमोड आणि दिवसरात्र न कळणारा तो पांढरा उजेड यांतून तो होतो, आणि बहुतेकांचा काही दिवसांत उतरतो. घरून तीन गोष्टी आणा: चष्मा, कानाचं मशीन आणि मोठ्या आकड्यांचं घड्याळ. भेटीच्या वेळेत शांतपणे वार, तारीख, जागा सांगा. "बाबा, आज गुरुवार, सकाळचे दहा वाजलेत, तुम्ही हॉस्पिटलमध्ये आहात, ऑपरेशन झालं." भिंतीवर मुंग्या आहेत की नाहीत यावर वाद घालू नका. रोज दारू घेण्याची सवय असेल तर ते पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, लाजेखातर लपवू नका. दारू अचानक थांबल्यावर येणारा भ्रम वेगळा असतो, त्याचे उपचारही वेगळे.

घरी गेल्यावर काही आठवडे विसरायला होतं. गोळी घेतली की नाही ते आठवत नाही, पेपरातली एकच बातमी दोनदा वाचावी लागते, उगाच रडू येतं. बहुतेकांचं हे हळूहळू सुधारतं. तोवर गोळ्यांसाठी सात दिवसांचा खणांचा डबा आणा, आठवणीच्या भरवशावर राहू नका.

मानसोपचारतज्ज्ञ, डेक्कन

हार्ट ॲटॅकनंतर साधारण पाचांतल्या एकाला उपचारांची गरज पडेल इतकं नैराश्य येतं. त्याहून कितीतरी जास्त लोकांना सौम्य लक्षणं असतात. "एवढं मोठं दुखणं झालं, थोडं उदास वाटणारच" असं म्हणून ते सोडून दिलं जातं. सोडून देऊ नये, कारण नैराश्य असलेल्या हृदयरुग्णांमध्ये पुढचा झटका आणि मृत्यू यांचं प्रमाण जास्त दिसतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००८ मध्येच हृदयरुग्णांची नैराश्यासाठी चाळणी करायला सुचवलं होतं. कारणं काही गूढ नाहीत. उदास माणूस गोळ्या चुकवतो, चालत नाही, तंबाखू पुन्हा धरतो, झोपत नाही. त्याशिवाय शरीरातली तणावाची यंत्रणा सतत चालू राहते.

चाळणी घरीही करता येते. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीत उपलब्ध आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दल प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा जास्त आली तर डॉक्टरांना दाखवा. मात्र एक अडचण लक्षात ठेवा. थकवा, झोप आणि भूक यांचे प्रश्न हृदयरोगामुळेही वर जातात. म्हणून पहिल्या दोन प्रश्नांकडे नीट बघा: कशातच रस न वाटणं, आणि मन उदास किंवा हताश असणं. नातू आला तरी मान वर होत नाही, आवडीची मॅच लागली तरी बघावीशी वाटत नाही, हे थकव्याने होत नाही. प्रश्नावली एकदाच भरून उपयोग नाही. घरी आल्यावर, मग दीड महिन्याने, मग तीन महिन्यांनी भरा. पहिल्या दोन आठवड्यांत जीव वाचल्याच्या आनंदात सगळं ठीक वाटतं, आणि खरी उदासी पाहुणे येणं थांबल्यावर सुरू होते.

पुरुषांमध्ये ती पुष्कळदा उदासीसारखी दिसतच नाही. चिडचिड दिसते. आमटीत मीठ कमी म्हणून ताट सारणं, मुलांवर ओरडणं, गप्प बसणं. इथे तंबाखूही तपासून बघा. मिश्री, गुटखा, सिगारेट हॉस्पिटलमध्ये आपोआप सुटलेली असते. निकोटिन तुटल्याची चिडचिड पहिल्या तीन दिवसांत सर्वात जास्त असते आणि दोन ते चार आठवडे टिकते. ती वेगळी ओळखता आली तर निम्मं घर शांत होतं. दारूचा प्रश्न असेल तर पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. हृदयाचे डॉक्टर आणि तिथले डॉक्टर एकमेकांशी बोलतील, एवढं घरच्यांनी घडवून आणा.

गोळ्यांची भीती सगळ्यांना असते, म्हणून स्पष्ट लिहितो. सर्ट्रालिन हे औषध हार्ट ॲटॅक किंवा अनस्टेबल अंजायनानंतरच्या ३६९ रुग्णांवर तपासलं गेलं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ते हृदयासाठी सुरक्षित आढळलं. जुन्या ट्रायसायक्लिक गटातल्या गोळ्या, उदाहरणार्थ ॲमिट्रिप्टिलिन, हृदयाच्या लयीवर परिणाम करतात, म्हणून हृदयरुग्णात आम्ही त्या टाळतो. सिटालोप्राम, एस्सिटालोप्रामच्या बाबतीत ईसीजीवरचं क्यूटी अंतर (हृदयाच्या लयीशी जोडलेलं माप) बघावं लागतं. सर्ट्रालिन, सिटालोप्रामच्या गटातल्या गोळ्या ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलबरोबर घेताना रक्तस्राव थोडा वाढू शकतो. काळी शी, हिरड्यांतून रक्त किंवा मोठे निळे डाग दिसले तर लगेच कळवा. परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे, पूर्ण व्हायला सहा-आठ आठवडे लागतात. दहाव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून गोळी बंद करणं ही सर्वात जास्त होणारी चूक.

समुपदेशनाने आयुष्य वाढतं, असा दावा मी करणार नाही. २००३ च्या एनरिच्ड या मोठ्या अभ्यासात विचार-वर्तन उपचारांनी नैराश्य कमी झालं, मृत्यूचं प्रमाण मात्र बदललं नाही. पण माणसाचे दिवस सुसह्य झाले, आणि माझ्या मते तेवढं कारण पुरेसं आहे.

फॅमिली डॉक्टर, सिंहगड रोड

दवाखान्यात रोजचा प्रश्न: "डॉक्टर, छातीत टोचलं. हार्टचं की गॅसचं?"

बोट ठेवून दाखवता येतं, दाबल्यावर किंवा कूस बदलल्यावर वाढतं, सेकंदभर टोचून जातं, असं दुखणं बहुधा छातीच्या भिंतीचं असतं. बायपासनंतर छातीचं हाड, आणि बायपाससाठी छातीतली डाव्या बाजूची धमनी काढलेली असेल तर तिथली कातडी, कित्येक आठवडे बधिर किंवा हुळहुळी राहते. स्टेंटनंतर पहिल्या काही दिवसांत बारीक टोचणं होऊ शकतं. याउलट मुठीने दाखवावं लागतं असं दडपण, जे चालल्यावर येतं, थांबल्यावर जातं, जबड्याकडे, हाताकडे किंवा पाठीत सरकतं, ते हृदयाचं समजा. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये दुखण्याऐवजी नुसता दम, मळमळ किंवा विचित्र थकवा असू शकतो.

पण रात्री अडीच वाजता घाबरलेल्या माणसाने एवढा विचार करत बसू नये. त्यासाठी कागद हवा, फ्रिजवर चिकटवलेला, मोठ्या अक्षरात: "छातीत दडपण आलं. खाली बसा. डॉक्टरांनी सांगितलेली सॉर्बिट्रेट ५ मिलिग्रॅम एक गोळी जिभेखाली. घड्याळ बघा. ५ मिनिटांत कमी झालं नाही किंवा वाढलं, तर १०८. दार उघडून ठेवा. स्वतः गाडी चालवू नका." खाली फाइल कुठल्या कपाटात आहे ते, आणि शेजाऱ्यांचा नंबर. बसूनच गोळी घ्या, कारण प्रेशर उतरतं आणि उभा माणूस पडतो. प्रेशर आधीच कमी असणाऱ्यांनी ती घ्यायची की नाही हे आधीच विचारून कागदावर लिहून घ्या. हा कागद असला की मनात चाललेलं "आता काय करू" बंद होतं. पुष्कळदा कागद वापरावा लागत नाही, नुसता दिसला तरी झोप लागते.

दुसरं, टिकाग्रेलॉर. स्टेंटनंतर अनेकांना गुठळी होऊ नये म्हणून ही गोळी असते आणि साधारण सातांतल्या एकाला तिच्यामुळे धाप लागल्यासारखं होतं, बसल्या बसल्यासुद्धा. माणूस समजतो हृदय बंद पडतंय, घरचे समजतात याने धसका घेतलाय. दोन्ही चूक असू शकतं. डॉक्टर तपासून इतर कारणं बाजूला काढतील आणि गरज वाटली तर गोळी बदलतील. स्वतः मात्र ती एक दिवसही थांबवू नका. स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका खरा आहे. तसंच रॅमिप्रिलसारख्या गोळीने कोरडा खोकला येतो, आणि खोकला आला की छाती दुखते, छाती दुखली की भीती. तेही सांगितलं तर बदलता येतं.

तिसरं, बीपीचं मशीन. दिवसातून पंधरा वेळा मोजणारा माणूस पंधरा वेळा घाबरतो, आणि घाबरल्यामुळे आकडा वर जातो. पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसा, हात हृदयाच्या उंचीवर, मिनिटाच्या अंतराने दोन रीडिंग. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. पहिले आठ-दहा दिवस रोज, मग डॉक्टर सांगतील तेव्हाच. मधल्या वेळात मशीन माळ्यावर. स्मार्टवॉचच्या ठोक्यांच्या सूचनाही बंद करा.

समुपदेशक, सदाशिव पेठ

सिंहगड रोडच्या डॉक्टरांच्या कागदाला जोडून लिहिते. पॅनिकचा झटका पाच-दहा मिनिटांत शिगेला जातो आणि मग ओसरायला लागतो. हात-ओठांना मुंग्या, जीव घाबरा, "आता संपलं" असं वाटणं. पण हृदयविकार होऊन गेलेल्या माणसाने घरी बसून "हे पॅनिकच आहे" असं ठरवू नये. आधी कागदाप्रमाणे वागायचं. डॉक्टरांनी तपासून "हृदय ठीक आहे" असं दोन-तीनदा सांगितलं, तरी तसेच झटके येत राहिले, तर मग पॅनिकवर काम सुरू.

ते काम उतरंडीचं. वहीत ज्या गोष्टी टाळल्या जातात त्या लिहा, प्रत्येकीला ० ते १० भीतीचे गुण द्या. उदाहरणार्थ: कडी न लावता एकट्याने आंघोळ, २. सोसायटीच्या गेटपर्यंत एकटं, ३. कोपऱ्यावरून दूध आणणं, ४. पीएमपीच्या बसने दोन स्टॉप, ६. भाजी मंडईची गर्दी, ७. दुपारभर घरी एकटं, ८. रात्र एकट्याने काढणं, १०. सगळ्यात खालून सुरुवात. एक पायरी रोज, भीती निम्मी होईपर्यंत तिथेच थांबायचं, पळून यायचं नाही. तीच पायरी सलग तीन-चार दिवस २-३ गुणांवर आली की वरची.

इथे काय चुकतं? बंडगार्डनला जाऊन आले, पण पूर्ण वेळ बायकोचा हात धरून आणि दर मिनिटाला खिसा चाचपून. मग मन शिकतं की "हात धरला म्हणून वाचलो". सॉर्बिट्रेट खिशात असलीच पाहिजे, ते वैद्यकीय कारण आहे. ती खिशात आहे ना, हे पुन्हा पुन्हा बघायचं नाही. घरातून निघताना एकदा बघायचं, बस.

ज्यांना ॲटॅकचीच दृश्यं सारखी दिसतात, ॲम्ब्युलन्सचा भोंगा ऐकून घाम फुटतो, ज्या जिन्यात कळ आली तो जिना टाळून लांबून जातात, गोळ्यांकडे बघवत नाही, त्यांचं दुखणं निव्वळ काळजीचं नसतं. ते आघातानंतरच्या तणावाचं असतं. ॲटॅकनंतर साधारण आठांतल्या एकात त्याची लक्षणं दिसतात. गोळ्यांकडे बघवत नाही हे घरच्यांना आळस वाटतं. ती पट्टी दिसली की तो दिवस आठवतो, म्हणून हात जात नाही. अशा वेळी पट्टी लपवून खणांच्या डब्यात सुट्या गोळ्या ठेवल्या तरी फरक पडतो, पण हे स्वतंत्र उपचारांचं काम आहे, महिनाभरात ओसरलं नाही तर दाखवा.

मरणाचे विचार बोलून दाखवले, "माझं ओझं झालंय" असं म्हटलं, तर सरळ विचारा: "स्वतःचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?" विचारल्याने विचार पेरला जात नाही. हो म्हणाले तर एकटं सोडू नका, गोळ्यांचा साठा ताब्यात घ्या, त्याच दिवशी डॉक्टर. रात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

वैद्यकीय समाजसेविका

घराबद्दल थोडं.

भेटायला येणारे. प्रत्येक जण शहाळं आणतो आणि "आमच्या मेहुण्याचं असंच झालं, दुसऱ्या झटक्यात गेले" हेही सोबत आणतो. दारावर वेळ लिहा, संध्याकाळी पाच ते सहा, दहा मिनिटं. तब्येतीची खबर एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलाने किंवा सुनेने टाकावी, पेशंटने दिवसभर फोनवर तीच हकिगत सांगत बसू नये. प्रत्येक वेळी सांगताना तो दिवस पुन्हा घडतो. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. किडनी कमजोर असेल किंवा रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्या असतील तर रोज पिण्याआधी विचारा.

बायको. "जिना चढू नका, पिशवी द्या इकडे, बोलू नका, दमाल." हे प्रेमच आहे, पण महिनाभरात तो माणूस स्वतःला काचेचं भांडं समजायला लागतो. फॉलोअपला दोघांनी आत जावं आणि डॉक्टरांकडून करण्याच्या गोष्टींची यादी मागावी. न करण्याची यादी सगळ्यांकडे असतेच. आणि तिची झोप विचारा. रात्री तीनदा उठून नवऱ्याचा श्वास चालू आहे का बघणारी बाई सहाव्या आठवड्यात स्वतः आजारी पडते. आठवड्यातल्या दोन रात्री मुलाने किंवा दिराने त्या खोलीत झोपावं.

पेशंट बाई असेल तर उलट गोष्ट होते, तिला कुणी थांबवत नाही. बायपासचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे, पूर्ण घट्ट व्हायला तीन महिन्यांपर्यंत लागतात. तोवर चार-पाच किलोंच्या वर उचलायचं नाही. भरलेला पाच लिटरचा कुकर तेवढा होतोच. वीस लिटरची बादली म्हणजे वीस किलो. भरलेला सिलिंडर तीस किलोंच्या घरात. कणीक मळणं, चादर पिळणं, वरच्या फळीवरचा डबा काढणं, हे सगळं छातीवर येतं. भाजी निवडणं, वरण ढवळणं, देवपूजा हे चालतं, आणि ते तिच्याकडून काढून घेऊ नका. छातीत कट् कट् आवाज होतो असं ती म्हणाली, किंवा जखमेतून पाणी आलं, तर लगेच सर्जनकडे.

योगशिक्षक, एरंडवणे

योग-केअर या चाचणीत भारतातल्या २४ केंद्रांवरचे ३९५९ हार्ट ॲटॅक रुग्ण होते. डॉ. दोराईराज प्रभाकरन यांच्या नेतृत्वाखालचं हे काम २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. बारा आठवड्यांच्या योग-पुनर्वसनाने स्वतःच्या तब्येतीबद्दलची भावना सुधारली आणि लोक आधीच्या कामांकडे जास्त परतले. पुढचे झटके आणि मृत्यू मात्र लक्षणीय कमी झाल्याचं सिद्ध झालं नाही. म्हणून "योगाने ब्लॉकेज जातात, गोळ्या सोडा" म्हणणाऱ्याच्या वर्गात जाऊ नका.

सुरुवात श्वासाने. खुर्चीत बसा, पाय जमिनीवर, चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. मिनिटाला सहा श्वास होतात. दिवसातून दोनदा दहा मिनिटं. कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, नको. कपालभाती, भस्त्रिका, शीर्षासन, सर्वांगासन डॉक्टरांच्या परवानगीशिवाय नको. बायपासवाल्यांनी भुजंगासन आणि हात मागे ओढणारी आसनं तीन महिने बाजूला ठेवा. श्वास रोखून जोर लावणं शौचाला बसल्यावरही होतं, म्हणून बद्धकोष्ठ होऊ देऊ नका.

कंपनी डॉक्टर, हिंजवडी

कामावर केव्हा? गुंतागुंत नसलेल्या अँजिओप्लास्टीनंतर टेबलावरचं काम साधारण दोन ते चार आठवड्यांत, बायपासनंतर सहा ते बारा. तारीख कार्डिओलॉजिस्ट ठरवतील. पण परत येताना पहिले दोन आठवडे अर्धा दिवस, आणि मंगळवार किंवा बुधवारपासून सुरुवात. सोमवारी साचलेले चारशे मेल उघडले की पहिलाच दिवस फसतो. कोथरूडहून हिंजवडीचा तासाभराचा ट्रॅफिक कामात धरा. बायपासनंतर टूव्हीलर दोन महिने नको. खड्डे हे एक कारण, पण जास्त इजा गाडी डबल स्टँडवर ओढताना होते. रात्रपाळी तीन महिने टाळायला लेखी पत्र घ्या, तोंडी विनंती नव्या मॅनेजरला कळत नाही. "मला काही झालं तर काय करायचं" हे शेजारच्या दोघांना एकदा सांगून ठेवा, अख्ख्या मजल्याला नको.

फॅमिली डॉक्टर, सिंहगड रोड, पुन्हा

कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण दवाखान्यातही दार लावल्यावरच विचारलं जातं. पती-पत्नींचे संबंध. दोन जिने नेहमीच्या वेगाने चढून दम लागला नाही, छाती भरली नाही, तर बहुतेकांना हरकत नसते. बायपासनंतर सहा ते आठ आठवडे थांबा आणि छातीवर भार येणार नाही असं बघा. इच्छा कमी होणं, ताठरता न येणं याला भीती, नैराश्य आणि काही गोळ्या, तिन्ही कारणं असतात. उपाय आहेत, विचारा. पण सिल्डेनाफिल, टाडालाफिलसारखी गोळी परस्पर दुकानातून आणू नका. सॉर्बिट्रेटबरोबर प्रेशर धोकादायक पातळीला उतरतं. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट (सॉर्बिट्रेट त्याच गटातली) चालत नाही, आणि सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल घेतली असेल तर १०८ च्या डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. बायकोसमोर सांगायला संकोच वाटला तर कागदावर लिहून हातात द्या.

फिजिओथेरपिस्ट, कोथरूड, पुन्हा

पर्वतीच्या टेकडीबद्दल तीन जणांनी विचारलंय. १०३ पायऱ्या आहेत. तीन महिने झाले, ट्रेडमिल टेस्ट झाली, डॉक्टर हो म्हणाले, आणि सलग चाळीस मिनिटं सपाट चालून त्रास होत नाही, तर चला. पहिल्या दिवशी वीस पायऱ्या, खाली. दोन-तीन दिवसांनी चाळीस. दर वीस पायऱ्यांनंतर मिनिटभर कडेला उभं राहायचं, वाक्य बोलून बघायचं, मग पुढे. पाण्याची बाटली आणि सॉर्बिट्रेट सोबत, उतरताना कठड्याचा आधार. पायऱ्यांचा आकडा वहीत, सहा मिनिटांच्या मीटरच्या शेजारच्या रकान्यात. पावसाळ्यात दगड निसरडे होतात, तेव्हा पार्किंगमधल्या खडूच्या रेघांवरच चाला. रेघ पुसली गेली की पुन्हा टेपने मोजूनच मारा, अंदाजाने नको. दोन मीटर इकडेतिकडे झाले की मागच्या आकड्याशी तुलना करता येत नाही.